हरलेला हंगाम कसा वाचावा: अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधील पराभवांचा ताळेबंद

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलचा हंगाम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो आणि नोव्हेंबर संपता संपता नियमित सामने आटोपतात. एफबीएस या सर्वांत वरच्या श्रेणीतील संघाच्या वाट्याला साधारणपणे अवघे १२ सामने येतात. त्यांतले तीन जिंकले आणि नऊ हरले, तर निकाल ३-९ असा लिहिला जातो, आणि बहुतेकांचे वाचन तेथेच थांबते. संघ सुमार होता, प्रशिक्षक कुचकामी होता, एवढ्यावर विषय मिटतो. वास्तविक ३-९ या दोन आकड्यांतून फार थोडे कळते. नऊ पराभवांपैकी कोणते पुढच्या वर्षीही होण्यासारखे होते आणि कोणते त्या वर्षापुरतेच होते, हे वेगळे काढता आले तरच हरलेला हंगाम वाचला असे म्हणता येईल. हे काम कागद, पेन्सिल आणि सामन्यांचे अधिकृत गुणतक्ते यांच्या आधारे कोणालाही करता येते.

नमुना म्हणून नेब्रास्का विद्यापीठाचा २०२१ चा हंगाम घेऊ. तो निवडण्याचे कारण असे, की कोणतेही एक सोपे स्पष्टीकरण त्याला पुरत नाही.

प्रथम कागदावर १२ ओळी आखाव्यात. प्रत्येक ओळीत तारीख, प्रतिस्पर्धी, सामना घरच्या मैदानावर झाला की बाहेर, दोन्ही संघांचे गुण आणि गुणांतील फरक लिहावा. विजय आणि पराभव असे दोन गट सुरुवातीलाच करू नयेत, कारण सामन्यांचा क्रम हीसुद्धा माहिती असते. सलग चार पराभवांनंतर आलेला विजय आणि हंगामाच्या पहिल्याच आठवड्यातला विजय यांचे वजन सारखे नसते. बाजूला एक रेघ सहा विजयांची आखून ठेवावी. सहा विजय मिळवणारा संघ हंगामोत्तर बाऊल सामन्यासाठी पात्र ठरतो, आणि खालच्या एफसीएस श्रेणीतील संघाविरुद्धचा एकच विजय त्या हिशेबात धरला जातो. (अपवादही घडतो. २०१५ मध्ये पात्र संघ कमी पडले, तेव्हा ५-७ अशा स्थितीतील नेब्रास्काला खेळाडूंच्या शैक्षणिक कामगिरीच्या गुणांकनावर बाऊल सामना मिळाला आणि त्या संघाने यूसीएलएला ३७-२९ असे हरवले. तरीही ६-७ म्हणजे हंगाम पराभवांचाच राहिला.)

आता नेब्रास्काच्या ओळी भराव्यात. २०२१ चे तीन विजय असे होते: फोर्डहॅमविरुद्ध ५२-७, बफेलोविरुद्ध २८-३ आणि नॉर्थवेस्टर्नविरुद्ध ५६-७. नऊ पराभव पुढीलप्रमाणे: इलिनॉय २२-३०, ओक्लाहोमा १६-२३, मिशिगन स्टेट २०-२३, मिशिगन २९-३२, मिनेसोटा २३-३०, पर्ड्यू २३-२८, ओहायो स्टेट १७-२६, विस्कॉन्सिन २८-३५ आणि आयोवा २१-२८. शेवटच्या रकान्यावरून नजर फिरवली तरी वेगळेपण ध्यानात येते. सर्वांत मोठा पराभव नऊ गुणांचा आहे आणि उरलेले आठही आठ किंवा त्याहून कमी गुणांचे आहेत.

आठ गुणांची मर्यादा मनाने ठरवलेली नाही. टचडाउनला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेण्याला, सहा गुण मिळतात आणि त्यानंतरच्या प्रयत्नात जास्तीत जास्त दोन. म्हणजे आठ गुणांनी मागे असलेला संघ चेंडूचा ताबा एकदाच मिळाला तरी बरोबरी साधू शकतो, नऊ गुणांनी मागे असेल तर त्याला दोनदा संधी लागते. म्हणून आठच्या आतल्या सामन्यांवर पेन्सिलीने खूण करावी. अशा सामन्यांचा निकाल बऱ्याचदा एखाद्या हुकलेल्या किकवर, एखाद्या निसटलेल्या चेंडूवर किंवा पंचांच्या एखाद्या निर्णयावर फिरतो, आणि बहुतेक संघांच्या बाबतीत काही वर्षांचा हिशेब केला तर त्यांतले विजय आणि पराभव एकमेकांच्या जवळ येतात. एकाच हंगामात आठच्या आठ हरणे हा विरळा प्रकार आहे. तो निव्वळ दुर्दैवाचा होता की त्यामागे काही दोष होता, या प्रश्नाकडे पुढे यायचेच आहे.

त्याआधी बेरीज करावी. नेब्रास्काने १२ सामन्यांत ३३५ गुण मिळवले आणि २७२ दिले. म्हणजे नऊ सामने हरलेल्या संघाच्या नावावर ६३ गुणांची शिल्लक आहे. बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांनी अशा परिस्थितीसाठी एक सोपे सूत्र रूढ केले, आणि फुटबॉलसाठी त्याचा घातांक थोडा बदलतात, परंतु घरगुती हिशेबाला वर्ग पुरेसा आहे. मिळवलेल्या गुणांचा वर्ग काढावा, त्याला दोन्ही वर्गांच्या बेरजेने भागावे आणि येणाऱ्या अपूर्णांकाला सामन्यांच्या संख्येने गुणावे. ३३५ चा वर्ग १,१२,२२५ आणि २७२ चा ७३,९८४. भागाकार सुमारे ०.६० येतो आणि १२ ने गुणल्यावर सव्वासात. म्हणजे एवढे गुण मिळवणाऱ्या आणि एवढेच देणाऱ्या संघाकडून साधारण सात विजयांची अपेक्षा असते, आणि हाती आले तीन.

या ठिकाणी घाई करू नये. तीन विजयांतच ११९ गुणांची आघाडी जमली आहे आणि नऊ पराभवांतला एकूण तोटा अवघा ५६ गुणांचा आहे, म्हणजे शिल्लक फुगली ती दुबळ्या संघांना झोडपल्यामुळे. फोर्डहॅम एफसीएस श्रेणीतला असल्याने तो सामना वगळून हिशेब पुन्हा मांडावा. उरलेल्या ११ सामन्यांत २८३ विरुद्ध २६५ असा आकडा येतो आणि अपेक्षित विजय जवळजवळ सहा निघतात. नॉर्थवेस्टर्नविरुद्धचा ५६-७ हा सामनाही बाजूला ठेवला (हे थोडे अन्यायाचे आहे, पण डोळे उघडणारे आहे), तर दहा सामन्यांत २२७ विरुद्ध २५८ असे होऊन शिल्लक उणे होते, आणि तरीही सूत्र चारांहून थोडे अधिक विजय देते. प्रत्यक्षात त्या दहांपैकी एकच जिंकला होता. सूत्राच्या एकाच उत्तरावर विसंबण्यापेक्षा अशी कसून उलटतपासणी केलेली बरी. सगळीकडून हिशेब करूनही संघ आपल्या गुणांच्या मानाने तीन-चार सामने कमी जिंकला, एवढे खात्रीने म्हणता येते.

आता प्रतिस्पर्ध्यांकडे वळावे. प्रत्येक ओळीपुढे त्या संघाचा त्या वर्षीचा अंतिम निकाल लिहावा आणि हे काम हंगाम संपल्यावरच करावे, कारण सप्टेंबरमध्ये बलाढ्य वाटलेला संघ नोव्हेंबरपर्यंत ढेपाळलेला असू शकतो. मिशिगन त्या वर्षी १२-२ होता, ओहायो स्टेट, मिशिगन स्टेट आणि ओक्लाहोमा हे तिघे ११-२, आयोवा १०-४, तर मिनेसोटा, पर्ड्यू आणि विस्कॉन्सिन ९-४. नेब्रास्काला हरवणाऱ्या नऊ संघांपैकी आठ संघांनी नऊ किंवा अधिक सामने जिंकले होते. अपवाद फक्त ५-७ अशा इलिनॉयचा, आणि तोच हंगामाचा पहिला सामना होता. दुसऱ्या बाजूला बफेलो ४-८ आणि नॉर्थवेस्टर्न ३-९ होते. म्हणजे संघ बलवानांशी बरोबरीने झुंजत होता, दुबळ्यांना चिरडत होता आणि तरीही बलवानांपैकी एकालाही हरवू शकला नाही. हे चित्र सुमार संघाचे नाही, परंतु चांगल्या संघाचेही नाही.

सामना कसा हरला, हे पाहण्याची पायरी सर्वांत कष्टाची आहे आणि सर्वांत जास्त शिकवणारीही. गुणतक्त्यात एकूण यार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेलेले अंतर, ठळकपणे दिलेले असतात म्हणून लोक ते आधी पाहतात, पण त्यांच्यावर फार भिस्त ठेवू नये. एक तांत्रिक गोष्ट मात्र ठाऊक असावी. कॉलेज फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू, फेकण्यापूर्वी पकडला गेला, म्हणजे सॅक झाला, तर त्यात गमावलेले यार्ड धावून मिळवलेल्या यार्डांतून वजा केले जातात. व्यावसायिक एनएफएलमध्ये ते फेकीच्या यार्डांतून वजा होतात. त्यामुळे कॉलेज संघाचा धावण्याचा आकडा अगदीच केविलवाणा दिसला, तर सॅक किती झाले हे आधी पाहावे. दोष धावणाऱ्यांचा नसून क्वार्टरबॅकला संरक्षण देणाऱ्या फळीचा असू शकतो.

चेंडू गमावण्याचा रकाना दोन भागांत लिहावा. प्रतिस्पर्ध्याने अडवलेल्या फेकी वेगळ्या आणि हातातून निसटलेले चेंडू, म्हणजे फम्बल, वेगळे. चेंडू वारंवार निसटू देणे हा दोष आहे, परंतु तो लांबुळका चेंडू जमिनीवर टप्पे खात कोणाच्या हाती जाईल, यात नशिबाचा वाटा मोठा असतो. एखाद्या संघाचे दहा चेंडू निसटले आणि आठ प्रतिस्पर्ध्याने उचलले, तर दहाचा आकडा काळजीचा आहे आणि आठचा बराचसा दैवाधीन. पुढच्या वर्षीचा अंदाज बांधताना या दोन आकड्यांना एकाच तराजूत घालू नये.

नेब्रास्काच्या ओळींत मात्र निराळाच दोष समोर येतो. मिशिगन स्टेटविरुद्ध शेवटच्या सत्रात २०-१३ अशी आघाडी असताना संघाने पंट मारला, म्हणजे ताबा सोडून चेंडू लाथेने दूर धाडला. तो ठरलेल्या बाजूला न जाता दुसरीकडे गेला, तिकडे अडवायला कोणीच नव्हते, आणि परतीच्या ६२ यार्डांच्या धावेत टचडाउन होऊन बरोबरी झाली. पुढे जादा वेळेत सामना गेला. ओक्लाहोमाविरुद्ध टचडाउननंतरची जादा गुणाची किक अडवली गेली आणि प्रतिस्पर्ध्याने ती पळवत नेऊन दोन गुण कमावले. इलिनॉयविरुद्ध पंट स्वतःच्या गोलरेषेजवळ झेलण्याच्या चुकीतून सेफ्टी झाली, म्हणजे पुन्हा दोन गुण दिले. आयोवाविरुद्ध २१-६ अशी आघाडी होती, आणि शेवटच्या सत्रात अडवलेल्या पंटवर आयोवाने टचडाउन केला. चारही प्रसंग किक आणि पंट सांभाळणाऱ्या स्पेशल टीम्स या तिसऱ्या विभागाचे आहेत. मिशिगनविरुद्ध २९-२९ अशी बरोबरी असताना क्वार्टरबॅकच्या हातून हिसकावला गेलेला चेंडू नशिबाच्या खात्यावर टाकता येईल, परंतु एकाच विभागातली चूक चार सामन्यांत चार रूपांनी येते तेव्हा तिला दुर्दैव म्हणणे म्हणजे स्वतःची समजूत घालणे होय. म्हणूनच आठच्या आतल्या सामन्यांवर केलेल्या खुणांपुढे पराभव नेमका कोणत्या विभागातून आला, हे एका शब्दात लिहावे. तोच शब्द तीनदा आला तर तो दोष धरावा. शब्द प्रत्येक वेळी वेगळा असेल तर नशिबाला जागा द्यावी.

तुलनेसाठी अगदी उलट स्वभावाचा हंगाम जवळ ठेवावा. फ्लोरिडा स्टेट २०२३ मध्ये १३-१ होता आणि २०२४ मध्ये २-१०. त्या दुसऱ्या वर्षात संघाने १८५ गुण मिळवले आणि ३३६ दिले. तेच सूत्र लावले तर तीनाच्या किंचित आत विजय निघतात, म्हणजे २-१० हा निकाल जवळपास पदरी पडायला हवा तेवढाच होता. दहा पराभवांपैकी आठ गुणांच्या आतले फक्त तीन, आणि नोत्र दामविरुद्धचा पराभव ३-५२. या संघाने हंगामभर २१ पेक्षा जास्त गुण एकदाच मिळवले आणि तेही एफसीएस श्रेणीतील चार्ल्सटन सदर्नविरुद्ध. येथे शेवटच्या मिनिटांची चिरफाड करण्यात अर्थ नाही. कारण अधिक मागचे आहे: १३-१ च्या संघातील क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस, जॅरेड व्हर्स, कीऑन कोलमन यांच्यासारखे खेळाडू एनएफएलमध्ये गेले, बाहेरून आणलेल्या खेळाडूंनी ती पोकळी भरली नाही, आणि नवा क्वार्टरबॅकही हंगामाच्या मध्यात जखमी झाला. अशा हंगामात गुणतक्त्यांपेक्षा संघाची यादी वाचावी.

यादी वाचण्याची रीत २०१८ नंतर बदलली आहे. त्या वर्षीच्या नियमाने खेळाडूला चार सामन्यांपर्यंत खेळूनही ते वर्ष रेडशर्ट म्हणून राखता येऊ लागले, म्हणजे त्याच्या पात्रतेच्या वर्षांतून ते वजा होत नाही. पराभव पत्करलेला संघ नोव्हेंबरमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांना मैदानात उतरवतो, तो बऱ्याचदा या नियमाचा लाभ घेत असतो. त्यामुळे शेवटच्या चार सामन्यांचा निकाल आणि त्यांत कोण खेळले, या दोन गोष्टी सुट्या वाचाव्यात. मोठ्या फरकाने हरलेल्या सामन्यात पुढच्या वर्षीची संरक्षक फळी तयार होत असण्याची शक्यता असते. त्याच वर्षी ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदवही, आला आणि २०२१ मध्ये खेळाडूंना एकदा विद्यापीठ बदलून लगेच खेळण्याची मुभा मिळाली. तेव्हापासून ‘सगळे खेळाडू परत येणार आहेत’ हे विधान जानेवारीपर्यंत खरे मानू नये. कोलोरॅडो २०२२ मध्ये १-११ होता. नवे प्रशिक्षक डीऑन सँडर्स यांनी पुढच्या वर्षी जवळपास सगळा संघच बदलला, पहिले तीन सामने जिंकले आणि हंगाम ४-८ वर संपला. २०२४ मध्ये तोच संघ ९-४ वर पोहोचला. १-११ आणि ४-८ हे दोन्ही पराभवांचेच हंगाम, पण त्यांना एकाच मापाने मोजणारा वाचक फसतो.

जुन्या काळातील याहून बोलके उदाहरण कॅन्सस स्टेटचे आहे. १९८९ मध्ये बिल स्नायडर आले तेव्हा हा संघ सलग २७ सामने विजयाविना होता. त्यांचे पहिले वर्ष १-१०, दुसरे ५-६, तिसरे ७-४. ५-६ म्हणजे कागदावर पराभवांचाच हंगाम, परंतु मागची ओळ शेजारी ठेवल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. मात्र प्रत्येक उन्नती अशी जिन्याच्या पायऱ्यांसारखी येत नाही. १९७९ ते १९८२ या काळात सलग ३४ सामने हरलेला नॉर्थवेस्टर्न गॅरी बार्नेट यांच्या हाताखाली १९९४ मध्येही ३-७-१ (शेवटचा आकडा बरोबरीचा) होता, आणि १९९५ मध्ये नोत्र दामला १७-१५ असे हरवून सुरुवात करत त्याने बिग टेन ही आपली साखळी जिंकली आणि रोझ बाऊल हा मानाचा हंगामोत्तर सामना गाठला.

प्रशिक्षकाला ठेवणार की काढणार, हा प्रश्न लोक आधी विचारतात. मी तो मुद्दाम उशिरा घेतला आहे, कारण त्याचे उत्तर मैदानाइतकेच करारात दडलेले असते. नेब्रास्काचे स्कॉट फ्रॉस्ट हे सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठात नावारूपाला आलेले प्रशिक्षक. २०१५ मध्ये ०-१२ असलेला तो संघ त्यांनी २०१६ मध्ये ६-७ आणि २०१७ मध्ये १३-० वर नेला होता. नेब्रास्कात मात्र त्यांचे आकडे ४-८, ५-७, ३-५ आणि ३-९ असे लागले. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये क्रीडा संचालक ट्रेव्ह अल्बर्ट्स यांनी त्यांना ठेवले, पण वेतन ५० लाख डॉलरवरून ४० लाखांवर आणले, काढून टाकल्यास द्यावयाची भरपाई १ ऑक्टोबर २०२२ पासून सुमारे ७५ लाख डॉलरपर्यंत उतरेल अशी व्यवस्था केली, आणि आक्रमण विभागातील चार साहाय्यक प्रशिक्षकांना निरोप दिला. करारातील अशा तारखा कागदाच्या समासात लिहून ठेवाव्यात. हरत्या संघाच्या बातम्या त्यांच्याभोवती फिरतात.

शेवटचे काम पुढच्या हंगामाच्या पहिल्या दोन-तीन सामन्यांत करावयाचे असते. जुना कागद समोर घ्यावा आणि ज्या दोषापुढे एकच शब्द वारंवार आला होता, तो दोष पुन्हा दिसतो का, एवढेच पाहावे. २७ ऑगस्ट २०२२ रोजी डब्लिनमध्ये नेब्रास्का नॉर्थवेस्टर्नविरुद्ध २८-१७ असा पुढे होता. त्या क्षणी फ्रॉस्ट यांनी चेंडू परत मिळवण्यासाठी जवळच किक मारण्याची जोखीम घेतली, चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला आणि सामना ३१-२८ असा निसटला. पुन्हा तीन गुणांचा फरक आणि पुन्हा किकचा प्रसंग, फक्त या वेळी चूक किक मारणाऱ्याची नसून ती मारायला सांगणाऱ्याची होती. दोन आठवड्यांनी जॉर्जिया सदर्नने लिंकनमध्ये, नेब्रास्काच्या घरच्या मैदानावर, त्यांना ४५-४२ असे हरवले. नेब्रास्कात आठ गुणांच्या आत सुटलेल्या सामन्यांत फ्रॉस्ट यांचा हिशेब तोवर ५ विजय आणि २२ पराभव असा झाला होता. दुसऱ्याच दिवशी, ११ सप्टेंबर रोजी, भरपाई निम्मी होण्यास तीन आठवडेही उरले नसताना, विद्यापीठाने त्यांना सुमारे दीड कोटी डॉलर देऊन मोकळे केले. तो हंगाम ४-८ वर संपला.